मसल कार प्रतिकृती-जुळणी

मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवलेल्या वेगवान अमेरिकी मोटारींच्या लहान प्रतिकृती सुट्या भागांतून जुळवण्याचा छंद. पाँटिॲक जीटीओ (१९६४) व डॉज चार्जर यांचे संच विशेष लोकप्रिय आहेत. मिशिगनमधील एएमटी कंपनीने १९५८ मध्ये तीन पर्यायी रूपांत जुळवता येणारे संच आणल्यावर हा छंद फोफावला. रेव्हेल व मोनोग्रॅम या त्या काळातील इतर प्रमुख कंपन्या होत्या. रूढ प्रमाण १:२५ किंवा १:२४; ५.२८ मी. लांबीची १९६९ ची चार्जर १:२५ प्रमाणात सु. २१ सेंमी. भरते.

पॉलिस्टायरीनचे भाग चौकटीला जोडलेले असतात. ते साबणाच्या पाण्याने धुऊन कापतात, साच्याच्या रेषा घासतात व प्रायमरवर रंगाचे पातळ हात देतात. द्रावकयुक्त गोंद प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सांधा एकजीव करतो; म्हणून सांध्यावरील रंग व क्रोमसारखा चकचकीत थर आधी खरवडावा लागतो. या गोंदाच्या वाफेने काचा धुरकटतात, त्यामुळे तेथे पांढरा गोंद वापरतात. इंजिनाच्या तारा, नळ्या व मूळ रंगछटा अचूक साधण्यात कारागिराचे खरे कसब दिसते.