हवाई मार्गावरील मुक्काम आणि मानमरातब

प्रवासाचा इतिहास लिहिणारे बहुधा वाहनांची गती मोजतात. परंतु प्रवासी कोठे थांबला, तेथे त्याची बडदास्त कोणी ठेवली, पाठ टेकण्यास जागा त्याला कोणत्या अधिकाराने मिळाली आणि त्याच वाटेने आलेल्या दुसऱ्यास ती का नाकारली गेली, या प्रश्नांचा शोध घेऊ लागले म्हणजे त्या त्या काळच्या समाजाची घडण जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती वेगाच्या आकड्यांतून क्वचितच दिसते. आज मुंबईहून लंडनला निघालेला ‘बिझनेस क्लास’चा उतारू विमानतळावरील लाउंजमध्ये भोजन करून, विमानात सपाट शय्येवर झोप घेऊन, नऊ-दहा तासांत इष्ट स्थळी पोहोचतो; आणि ही सारी सरबराई तिकिटाच्या मोलाने मिळते, यात कोणासच काही वावगे वाटत नाही. वास्तविक या मार्गावर विश्रांतीची व्यवस्था प्रथम निर्माण झाली ती विमानाच्या दुर्बलतेमुळे, आणि त्या आरंभकाळी ती प्रत्येक उतारूच्या वाट्यास सारखीच येत असे. गरजेपोटी जन्मलेली ही सोय पुढे दर्जाची खूण कशी बनली, हा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडननजीकच्या क्रॉयडनपासून कराचीपर्यंत टपाल व उतारू नेणारी सेवा सुरू केली. भाडे १३० पौंड आणि अवधी सात दिवसांचा. परंतु एवढी रक्कम मोजूनही सगळी वाट आकाशातून कापता येत नसे. बाझेलपर्यंत विमान, तेथून आल्प्स ओलांडून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रियापर्यंत जलविमान, कैरोपर्यंत पुन्हा आगगाडी आणि तेथून वाळवंटावरून पुन्हा विमान, अशी ती मजल दरमजल चालणारी यात्रा होती. क्रॉयडनला सामानाबरोबर खुद्द उतारूंचेही वजन होत असे, कारण त्या यंत्रांना प्रत्येक शेर जड होता. रात्री उड्डाण करणे धोक्याचे म्हणून सायंकाळ झाली की विमान उतरे, आणि सगळे उतारू कंपनीच्या खर्चाने एखाद्या हॉटेलात किंवा विश्रामगृहात मुक्काम करीत. तिकिटात जेवणखाण आणि निवास अंतर्भूत असे. इतके भाडे देऊ शकणारे मोजकेच, बहुतेक सरकारी अधिकारी, व्यापारी आणि संस्थानिक, हे खरे. तथापि विमानात एकदा पाऊल टाकल्यावर त्यांच्यात वर्ग उरत नसत.

या मुक्कामांपैकी सर्वांत अपूर्व मुक्काम शारजाचा होय. इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याचा परवाना १९३२ साली संपुष्टात आला, तेव्हा कंपनीस आखाताच्या अरबी किनाऱ्याचा आश्रय घ्यावा लागला, आणि शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार करून तिने तेथे विमाने उतरविण्याची मुभा मिळविली. भाडे ठरले दरमहा ८०० रुपये. ते रुपयांत ठरले, कारण त्या किनाऱ्यावर तेव्हा हिंदुस्थानचा रुपयाच चलनात होता. उतारूंसाठी वाळूच्या माळावर जे विश्रामगृह उभे राहिले, त्याचे रूप किल्ल्याचे होते: जाड भिंती, कोपऱ्यावर बुरूज, भोवती काटेरी तारांचे कुंपण, आणि शेखाने तैनात केलेले सशस्त्र पहारेकरी. दिवसभर हॅन्डली पेजच्या अजस्र दुपंखी विमानात ताशी सुमारे शंभर मैलांच्या वेगाने हेलकावे खात आलेले उतारू या तटबंदीत शिरत, स्नान करीत, एका पंगतीस बसून जेवत आणि पहाटे कराचीकडे निघत. आजच्या लाउंजचा पूर्वज शोधावयाचा झाला, तर तो मी या किल्ल्यात शोधीन. तेथे दाराशी कोणी दर्जाची चौकशी करीत नसे, कारण दाराबाहेर वाळवंटावाचून दुसरे काहीच नव्हते.

त्याच १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणले. कराचीपर्यंत येऊन थांबलेली ब्रिटिश टपालवाट त्यामुळे मुंबईस जोडली गेली. उतारूंची सोय मात्र अजून इम्पीरियलच्याच हाती होती, आणि तिने तिचा कळस गाठला तो १९३७ च्या सुमारास ‘एम्पायर’ जातीच्या जलविमानांनी. मेवाडातील राजसमंद तलाव, ग्वाल्हेरचे माधोसागर आणि अलाहाबादजवळची यमुना येथपर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या या विमानांत धूम्रपानाची स्वतंत्र खोली होती, आणि एका कक्षात खिडक्यांच्या ओळीशी कठडा बसविलेला असल्यामुळे उतारू त्यावर कोपर टेकून, बोटीच्या डेकवर उभे राहावे तसे उभे राहून, खाली सरकणारी नदीपात्रे पाहू शकत. उडण्याची उंची कमी, म्हणून पाहण्यासारखे पुष्कळ. आणि वेग बेताचा, म्हणून पाहण्यास वेळही पुष्कळ.

महायुद्धाने ही सावकाश सृष्टी मोडली. युद्धातून लांब पल्ल्याची, रात्रीही उडणारी चार इंजिनांची विमाने निपजली, आणि ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान पस्तीस उतारू घेऊन सांताक्रूझहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे निघाले. स्वतंत्र हिंदुस्थानास अवघे दहा महिने झाले होते. वाटेतील मुक्काम संपले, कारण आता रात्र विमानातच काढावयाची होती. म्हणून विश्रामगृहात मिळणारी सगळी बडदास्त विमानाच्या अरुंद नळीत आणणे प्राप्त झाले. वेगाच्या बाबतीत थोरल्या पाश्चात्त्य कंपन्यांना मागे टाकणे या लहान कंपनीस शक्य नव्हते. आतिथ्याच्या बाबतीत ते शक्य होते, आणि टाटांनी तेच क्षेत्र निवडले. स्वतः प्रवास करीत असताना ते पडद्यांचे रंग, चहाचा कस, शौचकूपाची स्वच्छता अशा बारीकसारीक गोष्टींची टिपणे करीत आणि परतल्यावर संबंधितांकडे धाडीत. कंपनीचे व्यापारी अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली मुंबईत घडविलेला लवून मुजरा करणारा ‘महाराजा’ त्या आतिथ्याचे चिन्ह ठरला. ज्या दशकात खरे राजे संस्थाने गमावून बसले, त्याच दशकात हा कागदी राजा उतारूंच्या सेवेस उभा राहिला. उतारू हाच आता पाहुणा आणि धनी, असा त्याचा अर्थ होता.

या आतिथ्यात कलेलाही मानाचे स्थान होते. आपल्या जगभरच्या कार्यालयांत लावण्यासाठी कंपनीने हिंदी चित्रकारांची चित्रे विकत घेतली, आणि हुसेन, गायतोंडे, बी. प्रभा यांसारख्यांच्या कृती तिच्या संग्रहात आल्या. पुष्कळ चित्रकार तेव्हा उमेदवारीच्या काळात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आश्रयाचे मोल कळते. १९६७ साली साल्वादोर दाली याने कंपनीसाठी रक्षापात्राचा एक नमुना केला. लिमोझच्या चकाकीविरहित पोर्सेलिनची एक शिंपल्यासारखी वाटी, तिच्या काठाभोवती वेटोळे घातलेला सर्प, आणि खाली आधारास हंस व हत्ती. त्यांची घडण अशी की पात्र उलटे केले असता हंस हत्तीसारखा आणि हत्ती हंसासारखा भासावा. मोबदला म्हणून दालीने हत्तीचे पिलू मागितले, आणि कंपनीने ते बंगळुराहून विमानाने जिनिव्हापर्यंत पोहोचते केले. ही रक्षापात्रे पहिल्या वर्गाच्या निवडक उतारूंना भेट देण्यात आली.

पहिला वर्ग हा शब्दप्रयोग येथे सहज आला, पण त्यामागे एक मोठे स्थित्यंतर आहे. १९५२ साली उत्तर अटलांटिकवर ‘टूरिस्ट’ दर सुरू झाला आणि १९५८ साली ‘इकॉनॉमी’ अवतरली. तोपर्यंत एकजिनसी असलेल्या विमानाच्या पोटात पडदा पडला. १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली, आणि १९७१ साली आलेल्या ‘एम्परर अशोक’ या पहिल्या जंबो विमानात हा भेद दुमजली झाला. विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून झरोक्याची महिरप रंगविलेली होती, त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास ते अखंड राजवाड्यासारखे दिसे. मात्र गोल जिन्याने वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात जाण्याचा अधिकार पुढच्या भागातील उतारूंचाच असे. हे विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघताच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील २१३ जीव गेले. त्या रात्री वरच्या व खालच्या मजल्यात मृत्यूने भेद केला नाही.

जमिनीवरील भेदाची परंपरा याहून जुनी आहे. आगगाडीच्या स्थानकांवर वर्गावर्गांची निराळी प्रतीक्षालये ही आपल्या परिचयाची गोष्ट. विमानतळावर तिची स्थापना अमेरिकेने केली. न्यूयॉर्कचा ला गार्डिया विमानतळ १९३९ साली सुरू झाला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी तेथे ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला. त्यात प्रवेश पैशाने मिळत नसे. कंपनी ज्यास बोलावी, तोच सभासद. विमानकंपनीची मर्जी ही अशा रीतीने सनदेसारखी झाली, आणि लोकप्रतिनिधी, कारखानदार, नटनट्या यांस ती मिळत राहिली. या निवडीतील पक्षपाताविरुद्ध पुढे तक्रारी झाल्या, आणि सत्तरीच्या दशकात अमेरिकेत असे क्लब वार्षिक वर्गणी भरणाऱ्या कोणासही खुले करावे लागले. मर्जीची जागा द्रव्याने घेतली. ही समता अपुरी खरी, परंतु मर्जीपेक्षा किंमत अधिक न्याय्य, कारण किंमत निदान फलकावर लिहिलेली असते.

बिझनेस क्लासचा उगमही असाच तक्रारीत आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांनी लंडन–न्यूयॉर्क मार्गावर ५९ पौंडांत जाण्याची ‘स्कायट्रेन’ सेवा काढली. तिच्याशी टक्कर देण्यासाठी इतर कंपन्यांनी सवलतीची तिकिटे काढली, आणि त्यामुळे आयत्या वेळी पूर्ण भाडे भरून निघालेला व्यापारी आणि महिनाभर आधी निम्म्या दरात जागा राखून ठेवलेला सहलकरी शेजारीशेजारी बसून एकच जेवण जेवू लागले. पूर्ण भाड्याचा उतारू हाच कंपनीचा खरा पोशिंदा. तो रुष्ट झाला. १९७८ साली पॅन अमेरिकनने ‘क्लिपर क्लास’ आणि ब्रिटिश एअरवेजने ‘क्लब’ या नावाने त्यास पडद्याआड निराळी जागा दिली, आणि १९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने बिझनेस क्लास हेच नाव रूढ केले. आरंभी त्यात खुर्ची तीच, केवळ मद्य फुकट आणि शेजार निवडक. पहिल्या वर्गाइतके भाडे मालकास जड जात होते आणि सामान्य वर्ग अधिकाऱ्यास अपुरा पडत होता. या दोहोंमधली फट भरून काढणारा हा वर्ग हळूहळू कंपन्यांच्या उत्पन्नाचा आधारस्तंभ झाला.

त्याची खरी क्रांती २००० साली झाली. ब्रिटिश एअरवेजने या वर्गात सहा फूट लांबीची संपूर्ण सपाट होणारी शय्या आणली. आणि एवढ्या शय्या एका रांगेत मावाव्यात म्हणून शेजारच्या दोन उतारूंची तोंडे विरुद्ध दिशांना ठेवली, जेणेकरून एकाच्या रुंद खांद्यांशेजारी दुसऱ्याचे निमुळते पाय यावेत. शरीराची आकृती ध्यानात घेऊन इंचाइंचाचा हिशेब करणारी ही युक्ती कारागिरीचा उत्तम नमुना आहे, आणि तिच्यामुळे पहिला वर्ग अनेक मार्गांवरून निवृत्त होऊ लागला. २०१७ साली कतार एअरवेजने या जागांना सरकते दारही बसविले.

लाउंजच्या नशिबी मात्र उलट फेरा आला. १९९२ पासून ‘प्रायॉरिटी पास’सारख्या योजनांनी आणि पुढे बँकांच्या कार्डांनी त्याचे दार इतके सैल केले, की आपल्याकडील विमानतळांवर लाउंजबाहेरच रांगा लागू लागल्या. मुंबईत २०१४ साली सुरू झालेल्या नव्या ‘टी-टू’ इमारतीत, देशातील हजारो कलावस्तूंनी सजलेल्या लांबलचक भिंतीशेजारून, आखातात रोजगारास जाणारा रत्नागिरीचा तरुण आणि लंडनला सभेस निघालेला संचालक दोघेही चालत जातात. कलेचे दर्शन दोघांस सारखेच घडते. त्यापुढे एकास गादी आणि दुसऱ्यास लोखंडी हातांची खुर्ची. आणि त्या खुर्चीला मधोमध हात बसविलेले असतात ते मुख्यतः कोणी आडवे होऊ नये म्हणून.

आठ-दहा तासांच्या रात्रीच्या प्रवासात अधिक पैसे मोजून कोणी झोप विकत घेतली, तर त्यात गैर काही नाही. उलट त्या पैशावरच मागच्या रांगांचे भाडे आटोक्यात राहते, हे विमानधंद्याचे अर्थशास्त्र आहे. परंतु विमानतळ ही बहुधा लोकांच्या जमिनीवर, लोकांनी दिलेल्या शुल्कातून उभी राहणारी संस्था आहे, आणि तिचे पहिले कर्तव्य थांबणाऱ्या प्रत्येक माणसाविषयी आहे. आपल्या राज्यात नवे विमानतळ उभे राहत आहेत. त्यांचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी लाउंजचे क्षेत्रफळ ठरविण्यापूर्वी सामान्य प्रतीक्षागृहात पाठ टेकता येईल अशी आसने, पिण्याचे स्वच्छ पाणी, परवडणाऱ्या दरात ताजे अन्न आणि तान्ह्या मुलांच्या मातांसाठी आडोशाची जागा यांची तरतूद प्रथम करावी. एवढी मागणी प्रत्येक उतारूने आग्रहाने आणि लेखी करावी, अशी माझी विनंती आहे.