पानिपत: ताकद नवी, टायमिंग जुनं

आज मी काला अंबला उभा आहे. इथला आंबा रणातल्या रक्तानं काळा पडला, अशी आख्यायिका. आता झाड नाही, विटांचा स्तंभ आहे.

येताना भाचा त्याच्या जुन्या गाडीबद्दल विचारत होता. इंजिनाची ताकद दुप्पट करायची, पण टायमिंग चेन जुनीच ठेवली तर चालेल का? ही चेन पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखते. फेरे वाढले की तिच्यावर ताण येतो. ती दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत दोघं एकमेकांवर आदळतात. मी म्हटलं, अरे, हाच प्रश्न भाऊसाहेबांपुढे होता!

फेब्रुवारी १७६०. उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाला नमवलं. साहजिकच सदाशिवरावभाऊंनी त्याच बळावर उत्तरेची मोहीम आखली. जड तोफा आणि बुणगे मागे ठेवा, गनिमी काव्यानं लढा, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाटानं दिला. भाऊंनी नवी ताकद निवडली. ही निवड चुकीची नव्हती. अपुरी होती.

१४ जानेवारी १७६१. उपाशी फौज गोल बांधून निघाली. गोलाची अट एकच: कोणी जागा सोडायची नाही. गारदी कवायती, ठरलेला पगार घेणारे. शेजारचे घोडेस्वार मात्र आपापल्या सरदाराचे, संधी दिसताच झेपावणारे. डावीकडे गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. पण विंचूरकर-गायकवाडांचे स्वार पुढे धावले आणि गोलाला भगदाड पडलं, असं मराठी साधनं सांगतात. शौर्य दोघांकडेही होतं, मेळ नव्हता. पलीकडे अब्दालीनं राखीव फौज हातात ठेवली आणि दुपारनंतर नेमक्या वेळी सोडली.

पराभवाला भूक, रसद, एकटेपणा अशी इतरही कारणं आहेत. तरी या रणातून जखमी पायानं वाचलेल्या एका तरुणानं हा धडा गिरवला, असं मला वाटतं: महादजी शिंदे. १७८४ मध्ये त्यांनी द बॉयनला नोकरीत घेतलं. पुढे नुसत्या पलटणी वाढल्या नाहीत. आग्र्यात तोफा ओतल्या गेल्या, पगारासाठी दोआबातली जहागीर लावून दिली, पलटणींना जोडून स्वारही दिले. सप्टेंबर १७९० मध्ये मेडत्याला एक अधिकारी हुकमाविना पुढे घुसला. राठोड स्वार तुटून पडले. चूक तीच, पण या वेळी द बॉयनच्या पलटणींनी झटपट पोकळ चौकोन बांधला आणि लढाई जिंकली.

भाच्याला मी सांगितलं, पैसे कमी असतील तर ताकद थोडी कमी वाढव, पण चेन आधी बदल. तो हसला. मी मात्र स्तंभाकडे बघत राहिलो. इथे पडलेल्यांना तो हिशेब पुन्हा मांडायची संधी मिळाली नाही.