कलेच्या पदवीला १२४ वर्षं का लागली?

१८५७ साली मुंबईत दोन संस्था सुरू झाल्या. मार्चमध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून आर्ट स्कूल निघालं आणि जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. एकाच शहरात, एकाच वर्षी. पण जे.जे.मध्ये चित्र-शिल्प शिकणाऱ्या पोरांना या विद्यापीठाची पदवी मिळायला १९८१ साल उजाडलं. म्हणजे मध्ये १२४ वर्षं गेली!

आज हे लिहायला कारण आहे. प्रवेशाचा मोसम आला की ओळखीचे पालक विचारतात, "पोरीला इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, आर्टला घालू का? तिथं काय शिकवतात? पुढं काय?" मी स्वतः या शिक्षणातून गेलोय, म्हणून विचारतात. माझं म्हणणं असं, की तिथं काय मिळेल हे कळायला आधी ती शाळा कशासाठी निघाली ते बघावं लागतं.

ती चित्रकार घडवायला निघालीच नव्हती. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचं कौतुक झालं होतं. इथल्या कारागिरांच्या पोरांना ड्रॉइंग, नक्षीकाम, मातीकाम शिकवावं, त्यांना पोट भरता यावं, हा मूळ हेतू. सरकारलाही इमारतींसाठी नकाशे काढणारे, दगड कोरणारे हात हवेच होते. "पुढं काय" हा प्रश्न आजच्या पालकांनी शोधलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून त्या शाळेच्या मागे लागलाय.

पण गंमत बघा. पोटापाण्यासाठी काढलेल्या या शाळेत मोठं काम झालं. १८६५ साली लॉकवुड किपलिंग शिल्प शिकवायला आले (रुडयार्ड किपलिंगचे वडील. रुडयार्डचा जन्म याच आवारातला). क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांची. पुढे व्हीटी स्टेशन बांधलं जात असताना तिथल्या नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. आज सीएसएमटीला लोकल पकडताना मान वर केली तर जे पानाफुलांचं, पशुपक्ष्यांचं कोरीव काम दिसतं, त्यात विद्यार्थ्यांची मेहनत आहे. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

तसंच अजिंठ्याचं. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत जायचे आणि भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करायचे. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलेच एक. अंधार, दमट हवा, समोर दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रं. प्रती लंडनला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा तिथं आगीत जळाल्या. पण ज्या पोरांनी त्या रेषा हातानं गिरवल्या, त्यांचं शिक्षण काही जळालं नाही.

पुढची नावं आपल्या ओळखीची. गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा विद्यार्थी असताना घडवला. दादासाहेब फाळके १८८५ साली इथं शिकायला आले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि पुढे सिनेमा काढला. कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ साली इथल्याच नोकरीतून निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं पुस्तक आर्टला जाणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं आहे.

यातल्या कुणाकडेच विद्यापीठाची चित्रकलेची पदवी नव्हती. तेव्हा ती होतीच कुठे?

विद्यापीठ म्हणजे पुस्तक, डोकं, परीक्षा. आर्ट स्कूल म्हणजे हात, कारागिरी. ही वाटणी इंग्रजांनी केली हे खरं, पण आपल्याला ती परकी वाटली नाही. हातानं काम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवायची सवय आपल्याकडे त्यांच्याही आधीची. १२४ वर्षांचं उत्तर मला तरी इथंच सापडतं.

ही भिंत आधी पडली ती बडोद्यात. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. कुलगुरू हंसा मेहता. चित्रकला शिकवायला बेंद्रे, शिल्पाला शंखो चौधरी. तिथं स्टुडिओच्या जोडीला कलेचा इतिहास शिकवला जाऊ लागला, विद्यार्थ्यानं आपल्या कामाबद्दल बोलावं, लिहावं ही अपेक्षा आली. मुंबईत मात्र जी.डी. आर्ट डिप्लोमाच चालू राहिला, तो थेट १९८१पर्यंत.

मग आज आर्टला जाणाऱ्या मुलानं काय धरून चालावं?

पहिलं वर्ष फाउंडेशनचं. वर्गात तू एकटाच 'चित्रकार' होतास ना, इथं सगळेच तसे. हा धक्का बसतो, आणि बसलेला बरा. स्टिल लाइफ, निसर्गचित्र, डिझाइन, त्रिमित काम, ढीगभर स्केचिंग. रेल्वे स्टेशन आणि बाजार हेच अर्धे वर्ग. नंतर पेंटिंग, शिल्प, उपयोजित कला, टेक्स्टाइल, सिरॅमिक अशा वाटा फुटतात. कागद, रंग, कॅनव्हास यांचा खर्च फीच्या कागदावर दिसत नाही, तो वेगळा धरा. नोकरीची हमी कुणी देणार नाही. हात, नजर आणि सोबतची माणसं मात्र मिळतात.

आणि शिष्यवृत्ती वेळेवर येईल यावर विसंबू नका. रझांचंच बघा. नागपुरात शिकलेल्या या मुलाला जे.जे.साठी मध्य प्रांत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली होती. मुंबईला पोचायला उशीर झाला, प्रवेश हुकला, शिष्यवृत्तीही गेली. मग ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत शिकले. सूझांना तर 'चले जाव'च्या काळातल्या राजकारणापायी जे.जे.तून काढून टाकलं. १९४७ साली या दोघांनी ज्यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, त्यातले आरा घरगडी म्हणून राबलेले, हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवलेले.

ही उदाहरणं सांगून लोक म्हणतात, बघा, प्रतिभा असली की कॉलेज लागत नाही. मला हे पटत नाही. रझा तरले म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. शिष्यवृत्ती हुकल्यावर गावी परतलेल्या पोरांची यादी कुणी ठेवलेली नाही.

आता २०२३ साली जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय. कला, वास्तुकला, डिझाइन एका छताखाली. चांगलंच झालं. स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची पदवी. पण ही शाळा सरकारी आणि परवडणारी होती म्हणून आजवर बुलढाण्याचा, सिंधुदुर्गचा, नांदेडचा पोरगा तिथं पोचू शकला. झेडपीच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं आणि तिथून वाट सुरू झाली, अशी माणसं माझ्या बरोबरीला कितीतरी होती.

म्हणून दर्जाच्या कौतुकासोबत काही साधे प्रश्न विचारत राहायला हवेत. पाच वर्षांनी फी किती असेल? कायम शिक्षक किती आणि कंत्राटी किती? बाहेरगावच्या मुलामुलींना हॉस्टेल मिळणार का? शिष्यवृत्ती जूनमध्ये मिळणार की वर्ष संपल्यावर? आणि शाळाशाळांतून ड्रॉइंग शिक्षकच नेमले नाहीत तर या विद्यापीठात खेड्यातून येणार कोण?

विद्यापीठाच्या दारात पोचायला कलेला १२४ वर्षं लागली. आता ते दार उघडलंय, तर त्यातून फक्त पैसेवाल्यांची पोरं आत जाऊ नयेत, एवढं तरी आपण बघायला हवं.