खेड्याचा डॉक्टर आणि सरकारी तिजोरी

वैद्य कोणी व्हावे, त्याने किती वर्षे शिकावे आणि शिकून कोठे राहावे, हे तीन प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याचे वाटतात. परंतु ज्या दिवशी सरकार विद्यार्थ्याचा खर्च आपल्या तिजोरीतून करू लागते, त्या दिवसापासून ते साऱ्या समाजाचे प्रश्न होतात. कारण तिजोरी भरते ती खेड्यातल्या माणसाच्याही पैशाने. आपल्या देशात हा व्यवहार दोनशे वर्षे चालू आहे. खर्च होत आला असताही त्याचे फळ खेड्यास इतके थोडे का लाभले, याचा इतिहासाच्या आधारे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कंपनी सरकारने १८२२ साली कलकत्त्यास एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा काढली. चार वर्षांनी, १८२६ साली, मुंबईसही तशीच शाळा निघाली आणि तिची सूत्रे सर्जन जॉन मॅक्लेनन यांजकडे आली. सरकारचा हेतू केवळ परोपकाराचा होता असे नव्हे. पलटणींना व दवाखान्यांना हाताखालची माणसे हवी होती आणि ती विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. तथापि या शाळांतील अध्यापन देशी भाषांतून होत असे, आणि मॅक्लेनन यांनी त्याकरिता वैद्यकावरील पुस्तके देशी भाषांत उतरविण्याचे श्रमही घेतले. मुंबईची शाळा १८३२ साली बंद पडली. कलकत्त्याची १८३५ साली बेंटिंक यांच्या सरकारने मोडली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकविणारे महाविद्यालय उभे केले. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा पुरुष त्याच्या पहिल्याच तुकडीने दिला, हे त्या संस्थेचे भूषण होय. परंतु इंग्रजी जाणणारे विद्यार्थी मूठभर आणि इलाखा अफाट! पदवीधरांच्या हातून सगळ्या इलाख्याची गरज भागणे शक्यच नव्हते.

यातूनच दुसरी पायरी निर्माण झाली. पुण्याची बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची शाळा, नागपूरची रॉबर्टसन शाळा, अशा वैद्यकीय शाळांतून सुमारे चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून परवानाधारक डॉक्टर बाहेर पडू लागले. तालुक्याच्या दवाखान्यात जो ‘डॉक्टरसाहेब’ आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला, तो बहुधा याच वर्गातला. पदवीधर त्यास कमी लेखीत. सरकारी नोकरीत त्याचा पगार कमी आणि बढतीची वाट अरुंद. पण रोग्यास तो जवळ होता, ही गोष्ट लहान नव्हे.

मग १९४३ साली भोर समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे, शिक्षणाने काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिलेल्या हिशेबाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते. त्यांपैकी पदवीधर सुमारे १७,६००, आणि उरलेले सुमारे २९,९०० परवानाधारक. म्हणजे दर पाच डॉक्टरांत तीन या दुसऱ्या पायरीवरचे होते. असे असता समितीच्या बहुमताने हा अभ्यासक्रम बंद करून साडेपाच वर्षांचा एकच ‘मूलभूत डॉक्टर’ घडविण्याची शिफारस केली. काही सभासदांनी आपला विरोध नोंदविला. पण बहुमताचेच चालले. पुण्याच्या शाळेचे त्याच १९४६ साली महाविद्यालय झाले आणि नागपुरास १९४७ साली महाविद्यालय निघाले.

बहुमताची बाजू पोकळ होती असे आम्ही म्हणत नाही. खेडुताच्या कपाळी दुय्यम प्रतीचा डॉक्टर का असावा, हा प्रश्न न्यायाचा होता आणि आजही आहे. परंतु न्यायाच्या या मागणीत एक गृहीत दडलेले होते: उत्तम डॉक्टर घडविला की तो आपण होऊन खेड्यात जाईल. तसे झाले नाही. मनुष्य जेथे उमेदवारी करतो तेथली यंत्रे, तेथले सोबती आणि तेथली राहणी त्याच्या अंगवळणी पडते. साडेपाच वर्षे शहरातल्या मोठ्या इस्पितळात वावरलेल्या तरुणास खेडे परमुलुख वाटू लागले, तर त्याच्या एकट्याच्या माथी दोष मारणे रास्त नव्हे. आज देशात सातशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तरीही पदवीधरास खेड्यात पाठविण्यासाठी सरकारांना करारपत्र लिहून घ्यावे लागते, यातच सर्व काही आले.

दुसऱ्या टोकाचा प्रयोगही करून झाला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या योजनेत दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक घ्यावयाचा, त्यास तीन महिने शिकवावयाचे, त्या काळात महिना दोनशे रुपये विद्यावेतन आणि पुढे पन्नास रुपये मानधन द्यावयाचे, असे ठरले. निवड कित्येक ठिकाणी गावपुढाऱ्यांच्या मर्जीने झाली, आणि स्त्रियांचे व बालकांचे काम मुख्य असता निवडले गेले ते बहुतेक पुरुष. शिक्षण तीन महिन्यांत आटोपले; पाठीशी शिकविणारा कोणी उरला नाही.

याउलट नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून जे केले ते पाहावे. गावाने आपलीच एक बाई निवडावयाची, तिला अक्षरओळख नसली तरी अडायचे नाही, आणि तिचे शिक्षण एकदाच न संपता पुन्हा पुन्हा चालू राहावयाचे. या कार्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मधल्या पायरीचेही एक उदाहरण आहे. छत्तीसगड सरकारने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधात तो टिकला नाही. परंतु त्यातून बाहेर पडलेल्यांची २०१० साली पाहणी झाली, तेव्हा प्राथमिक केंद्रात नेहमी येणाऱ्या रोगांच्या बाबतीत ते पदवीधरांच्या तोडीचे ठरले.

या सर्वांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. दोनशे वर्षे आम्ही दर्जा आणि मुदत यांवर वाद घातला. शिकणारा कोठून येतो व उमेदवारी कोठे करतो, हे विचारावयाचे राहून गेले. सरकारने विद्यावेतन द्यावे ते तालुक्यातल्या मुलामुलींस, त्यांची उमेदवारी व्हावी ती ग्रामीण रुग्णालयात, आणि आज परिचारिका वा सहायक म्हणून शिकलेल्यास उद्या डॉक्टर होण्याची वाट मोकळी असावी. जुन्या परवानाधारकांना कमी मुदतीत पदवी घेण्याची सोय पुढे करून दिली गेली होती, तेव्हा ही सूचना अगदीच नवी नव्हे. पायरी कमी उंचीची आहे म्हणून ती तोडणे सोपे. पण ती तोडल्यावर वर चढावयाचे कसे, याचे उत्तर १९४६ पासून खेडे मागत आहे.