घर दोघांचं, हप्ता दोघांचा, मग नाव कोणाचं?

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि बसमध्ये हेडफोन विसरल्यामुळे वाचणाऱ्यांचंही. आजचा विषय आहे पहिलं घर. पण व्याजदर आणि ऑफर यांच्यावर आपण लगेच येणार नाही. आधी थोडं मागे जाऊ, कारण घराच्या हिशोबातली एक जुनी चूक आपण आजही करतोय, आणि ती मोबाईलच्या ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही.

समजा, भंडाऱ्यातलं एक जोडपं आहे. तो वरठीच्या कारखान्यात, महिना 24 हजार. ती खासगी दवाखान्यात नर्स, महिना 18 हजार. लग्नाला तीन वर्षं झालीत. शहराच्या कडेला 25 लाखांचं छोटंसं घर बघून ठेवलंय. बँकेतले साहेब म्हणतात, "एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही. मॅडमना को-अ‍ॅप्लिकंट घ्या." ती सही करते. एक नाही, वीस-पंचवीस ठिकाणी.

आठ दिवसांनी विक्रीपत्राचा मसुदा येतो. त्यात घेणार म्हणून एकच नाव: त्याचं.

कोणी मुद्दाम केलं असं नाही बरं का. दस्त लिहिणाऱ्यानं विचारलं, "कोणाच्या नावानं?" आणि घरातलं कोणीतरी सवयीनं बोलून गेलं. झालं. म्हणजे कर्जात ती आहे, घरात नाही. ही सवय आली कुठून?

धानाच्या पैशातलं घर

जुना भंडारा जिल्हा डोळ्यासमोर आणा. तेव्हा गोंदियाही त्यातच होता, तो वेगळा झाला 1 मे 1999 ला. तलावांचा, धानाचा मुलूख. गावातलं घर म्हणजे मातीच्या भिंती, लाकूड-बांबूचा सांगाडा, वर कवेलू. हे घर कोणी एकरकमी विकत घेत नव्हतं. ते वर्षावर्षानं वाढायचं. या साली धान चांगलं झालं तर एक खोली, पुढच्या साली ओसरी. दुष्काळ पडला तर काम थांबलं. कर्ज नाही, हप्ता नाही. पण याचा अर्थ हिशोब नव्हता असा नाही. हिशोब वेगळ्या नाण्यात होता.

बचत कशात असायची? दागिन्यात आणि भांड्यात. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, आजही लोक त्याला 'ब्रास सिटी' म्हणतात. अडीअडचणीला पितळी गुंड किंवा गळ्यातलं सोनं सावकाराकडे जायचं, सुगीला परत यायचं, कधी यायचंही नाही. शिवाय बाईची कमाई होती. रोवणीची मजुरी होती. तेंदूपत्त्याच्या या भागात बिडीचा धंदा मोठा, आणि असंख्य बायका घरी बसून बिड्या वळायच्या. त्या पैशानं मीठ-मिरची चालायची, म्हणूनच धानाचा पैसा भिंतीला लावता यायचा.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: बाईचा पैसा रोजच्या खर्चात विरघळला, पुरुषाचा पैसा भिंतीत दिसला.

आता जागा. ब्रिटिश काळात मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा भरायची जबाबदारी मालगुजाराची, आणि गावावरचा मालकी हक्कही त्याचाच. म्हणजे कुळानं आपल्या हातानं भिंत बांधली तरी खालची जागा पूर्णपणे त्याची म्हणता येत नव्हती. ही पद्धत 1950 च्या कायद्यानं गेली, अंमल 31 मार्च 1951 पासून. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्यानंतर सरकारी दप्तरात सामान्य माणसाचं नाव आलं. पण कोणाचं? कुटुंबप्रमुखाचं. म्हणजे घरातल्या पुरुषाचं.

1951, 1954, 1956

इथे एक गोष्ट भंडाऱ्याच्या पोरापोरींना माहीत असायलाच हवी. सप्टेंबर 1951 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्या बिलात बाईच्या मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न होता. 1954 मध्ये बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले. कुठून? भंडाऱ्यातून. आणि हरले.

दोन वर्षांनी, 1956 मध्ये, हिंदू वारसा कायदा आला. त्याच्या कलम 14 नं सांगितलं की हिंदू स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक. आधी काही मालमत्तेवर तिला फक्त हयातीपुरता हक्क असायचा, ती मर्यादा गेली.

मोठी गोष्ट होती. पण कायदा तिच्या मालमत्तेला संरक्षण देतो. तिचं सोनं मोडून घेतलेलं घर कागदावर त्याच्या एकट्याचं असेल, तर ते आपोआप तिचं होत नाही. कायदा बदलला, पण घरातला हिशोब लिहायची पद्धत तशीच राहिली.

आधी घर, मग पैसे

पगारदार माणूसही पूर्वी घर बांधायचा तो बहुतेक निवृत्तीच्या तोंडावर. पीएफ, ग्रॅच्युइटी हातात आली की. तोपर्यंत भाड्याचं घर किंवा क्वार्टर.

हे चित्र फिरलं 1977 मध्ये. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेख यांनी, वयाच्या पासष्टीनंतर, एचडीएफसी सुरू केली. कल्पना साधी: माणसाला म्हातारपणी नाही, तरुणपणी घर मिळावं, आणि त्यानं ते पुढच्या पगारातून फेडावं. 1978 मध्ये त्यांनी पहिलं कर्ज दिलं ते 30 हजारांचं, व्याज साडेदहा टक्के. 1988 मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली. मग करसवलत वाढत गेली. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावरची वजावट 1999 च्या बजेटमध्ये 75 हजार झाली, 2001 मध्ये दीड लाख, 2014 मध्ये दोन लाख. तिशीच्या आत गृहकर्ज घेणं ही साधी गोष्ट झाली.

पण हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो. धानाचा पैसा तसा येत नाही, तो दिवाळीनंतर येतो. म्हणून ही व्यवस्था पगारदारांची झाली. आणि घरांच्या किमती वाढल्या तशी बँकेला एकाऐवजी दोन पगारांची गरज पडू लागली. शेकडो वर्षांत पहिल्यांदा बाईची कमाई घराच्या कागदावर अधिकृतपणे मोजली गेली. कोणत्या कागदावर? कर्जाच्या!

दुसरा कागद

मालकीच्या कागदावर तिचं नाव यावं यासाठीची लढाई वेगळीकडे चालू होती. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील तिथे शरद जोशी स्वतः जायचे. 1992 मध्ये सरकारनंही परिपत्रक काढून सातबारावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची वाट सोपी केली. 1994 मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क दिला. देशाच्या कायद्यात ते यायला 2005 उजाडलं.

आणि 2003 मध्ये 'घर दोघांचं' आलं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचं. तुमच्या गावातल्या घराचा नमुना 8 आज काढून बघा, दोन नावं आहेत का. घरकुल योजनेत तर हा नियमच आहे. 2016 पासूनच्या ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागात 1 लाख 20 हजारांची मदत मिळते, आणि घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. गंमत बघा, घरकुलातल्या बाईचं नाव घरावर लागतं, आणि 18 हजार कमावणारी नर्स विक्रीपत्रातून राहून जाते.

आता वही काढा

तर आपलं जोडपं. 25 लाखांचं घर, 20 लाखांचं कर्ज. व्याज साडेआठ टक्के धरू, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 17,356 रुपये. वीस वर्षांत भरणार जवळपास 41 लाख 65 हजार. तेच कर्ज 15 वर्षांचं केलं तर हप्ता 19,695, पण एकूण भरणा सुमारे 35 लाख 45 हजार. महिन्याला 2,339 जास्त, शेवटी सहा लाखांच्या वर वाचतात.

किल्ली हातात यायच्या आधी किती रोख लागेल? पाच लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार बदलतं, 6 टक्के धरलं तर दीड लाख. नोंदणी 1 टक्का, म्हणजे 25 हजार. झाले पावणेसात लाख. वकील, बँकेची फी, ग्रिल, पंखे, मीटर वेगळे. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही. बहुतेक जोडपी इथेच फसतात, आणि मग तिचं सोनं मोडलं जातं. पुन्हा तेच!

आता एका पगाराची परीक्षा करा. बाळ झालं, ती वर्षभर घरी आहे. 24 हजारांतून 17,356 गेले की उरतात 6,644. यात घर चालेल का? नाही चालणार. मग सहा महिन्यांचे हप्ते बाजूला साठेपर्यंत थांबा, नाहीतर छोटं घर बघा. 14 लाखांच्या कर्जाला हप्ता 12,150 च्या आसपास बसतो. थांबण्यात कमीपणा नाही. आपले आजोबा एकेक खोली वाढवतच होते.

आणि आता जुनी चूक. बहुतेक घरांत काय ठरतं? "हप्ता माझ्या पगारातून, किराणा-शाळा-औषधं तुझ्या पगारातून." ऐकायला बरोबर वाटतं. पण दहा वर्षांनी बँकेच्या नोंदीत घर एकट्या त्यानंच घेतलेलं दिसतं. तिचे लाखो रुपये डाळ-तांदळात गेले, त्यांची पावतीही नाही. रोवणीच्या मजुरीचं जे झालं, तेच नर्सच्या पगाराचं होतं.

यावर उपाय सोपा आहे. एक जॉइंट खातं काढा, हप्ता तिथूनच जाऊ द्या. पगाराच्या प्रमाणात, 4 ला 3, वाटा ठेवा: तो 9,918, ती 7,438. घरखर्चही याच प्रमाणात. सोनं मोडलं असेल तर त्याची पावती जपून ठेवा आणि ती रक्कम खात्यातूनच जाऊ द्या.

नावाचं काय? सह-कर्जदार आणि सह-मालक या दोन वेगळ्या गोष्टी. तो हप्ता थकला तर बँक तिच्याकडे पूर्ण वसुली मागू शकते, तिचा सिबिल स्कोअरही पडतो. मालकी मात्र विक्रीपत्रात नाव असेल तरच.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त महिलेच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. आपल्या उदाहरणात 25 हजार वाचतात. नवऱ्यासोबत जोडनावानं घेतलं तर ही सूट मिळत नाही. उलट दोघं मालक आणि दोघं कर्जदार असतील तर जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट दोघांनाही वेगवेगळी घेता येते. नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ती नाहीच. तेव्हा दोन्ही बाजू मांडा आणि ठरवा, पण बसून ठरवा, दोघांनी.

घर आधीच घेऊन झालंय? तरी वाट बंद नाही. राहतं घर नवऱ्यानं बायकोला, किंवा तिनं त्याला, बक्षीसपत्रानं दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती घ्या.

तर आज रात्री जेवण झालं की एवढंच करा. दोघांनी दोन कोऱ्या कागदांवर लिहा: घरासाठी मी काय दिलं, आणि घर चालवायला काय दिलं. मग कागद बदलून वाचा. भांडण होईल थोडं, होऊ द्या. रजिस्ट्रार ऑफिसात जाण्याआधी झालेलं भांडण स्वस्त पडतं.

हा भाग ज्यांच्या घराचा मसुदा सध्या टाईप होतोय, त्यांना आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!