हुंडी, पेठ आणि आभासी यंत्र



इंदूरच्या सराफ्यात रात्री आज जिलबी आणि गराडू यांचाच दरवळ अधिक. परंतु पेढ्यांच्या काळात येथील खरा व्यवहार हुंडीचा असे. रोकड तिजोरीत आणि तिच्यावरील हक्क सांगणारा कागद प्रवासात. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी, ठराविक अवधीनंतर मिळत ती मुद्दती. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवल्यास परपेठ. वस्तू जागेवर ठेवून तिचे वर्णन फिरते करावयाचे, ही ती युक्ती. गणकयंत्रांच्या इतिहासात हीच युक्ती निराळ्या वेषाने अवतरली.

१९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. संशोधकांनी छिद्रे पाडलेली कार्डे द्यावीत आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे, अशी रीत होती. त्याच वर्षी अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी एक धाडसी काम हाती घेतले. १९६७ मध्ये त्यांची सीपी-४० ही व्यवस्था चालू झाली. एकाच यंत्रावर चौदा जणांना बसवून प्रत्येकास ‘हे सबंध यंत्र तुमचेच’ असे ती भासवी. गंमत अशी की, प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृती दाखविली जाई, आणि मूळ यंत्राची सारी स्मृतीही तेवढीच! देखरेख करणारा कार्यक्रम हिशेबाची वही सांभाळी : कोणाचे कोणते पान या क्षणी खऱ्या स्मृतीत आहे आणि कोणाचे बाहेर साठवणीत. चौदाही जण एकाच क्षणी सारी पाने मागत नाहीत, या भरवशावर हा संसार चाले. पेढीही याच भरवशावर चालते.

पुढे यंत्रे स्वस्त झाली, घरोघरी गेली, आणि ही विद्या काहीशी मागे पडली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती साध्या यंत्रांवर आणली; २००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला. मग वर्णनाची भाषाच ठरविणे भाग पडले. किती प्रक्रियक, किती स्मृती, कोणती साठवण, कोणत्या जाळ्याशी जोडणी, हे एका प्रमाण नमुन्यात लिहावे म्हणून २००९ मध्ये ओव्हीएफ हे मानक आले. नमुना हाती असला की तेच यंत्र दुसऱ्या पेढीवर उभे करता येते.

परंतु नमुन्यात जे लिहिलेले नसते तेच कधी कधी महाग पडते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे एक संपूर्ण विदाकेंद्र आगीत भस्मसात झाले. काही ग्राहकांनी मूळ नोंदींची दुसरी प्रत जपली होती. पण ती त्याच आवारात. वहीत दोन प्रती, जागा मात्र एक. आपल्या सराफाने पेठ मूळ हुंडीच्याच थैलीत घालून कधी पाठविली असती काय?

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे उघडली. इंदूरच्या एखाद्या कचेरीच्या वहीत ‘आमचे यंत्र’ म्हणून जे नोंदलेले असते, त्याचे लोखंड तिकडे कोठेतरी गरम होत असते. आणि त्याची दुसरी प्रत कोणत्या गावी आहे, हे त्या कचेरीने भाडे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावयाचे असते.